बुडणारे आणि बुडवणारे

भाषांतराच्या कामात मोठे शब्द सहसा त्रास देत नाहीत. 'डिकार्बनायझेशन'सारखा पाहुणा आला की त्याला देवनागरीचा सदरा चढवायचा आणि पुढे जायचं. अडवतात ते लहानसे, घरगुती वाटणारे शब्द. हवामान वाटाघाटींवरच्या एका मजकुराचं मराठी करताना मी अशीच 'सिंक'पाशी दोन दिवस अडून बसले होते.

संयुक्त राष्ट्रांच्या १९९२च्या हवामान करारात 'सिंक'ची रीतसर व्याख्या दिली आहे. हरितगृह वायू वातावरणातून काढून घेणारी कुठलीही प्रक्रिया, कृती किंवा यंत्रणा म्हणजे सिंक. थोडक्यात जंगल, समुद्र, माती. (जाता जाता, 'हरितगृह' हा शब्दही आपल्याला गोडच पडला. ज्या वायूंनी पृथ्वी तापते त्यांच्या नावातच आपण 'हरित' घालून ठेवलंय. ऐकणाऱ्याला वाटावं, असले वायू अजून थोडे हवेत.) तर जंगलाला मराठीत काय म्हणायचं? मोरी? मनाला पटेना. म्हणून याच कराराच्या इतर अधिकृत भाषांत डोकावले. स्पॅनिशमध्ये 'सुमिदेरो' आहे, म्हणजे पाण्याचा निचरा होण्याची जागा. फ्रेंचमध्ये 'प्युई' आहे, म्हणजे विहीर. करार एक, जंगल तेच, पण एका भाषेत ते मोरीचं तोंड आणि दुसरीत विहीर. मोरीत ओतायचं असतं आणि विहिरीतून काढायचं असतं. एका शब्दाच्या पोटात इतका उलटा व्यवहार राहू शकतो, हे पाहिल्यावर मला मूळ काम सोडून या वाटाघाटींतली रूपकंच वेचायचा नाद लागला.

मोरीचं रूपक तसं निरुपद्रवी वाटतं, पण त्यात लगेच एक घरगुती भांडण शिरतं: मोरी सामाईक असेल तर ती कुणी किती वापरायची? हा प्रश्न सगळ्यांत स्वच्छ शब्दांत विचारला तो दिल्लीचे पर्यावरण अभ्यासक अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी, १९९१मध्ये. अमेरिकेतल्या एका संशोधन संस्थेने देशोदेशींच्या उत्सर्जनाचा हिशेब मांडला होता आणि त्यात भारत, चीन वगैरे देश मोठ्या दोषींच्या यादीत आले होते. या दोघांनी तो हिशेब उसवून दाखवला. पृथ्वीची वायू पचवण्याची नैसर्गिक क्षमता त्या मांडणीत ज्याच्या त्याच्या उत्सर्जनाच्या प्रमाणात वाटली होती. जो जास्त घाण करतो त्याच्या नावावर जास्त मोरी. यांचं म्हणणं, ही क्षमता माणशी वाटा. त्याच लिखाणातून चैनीचं उत्सर्जन आणि जगण्यासाठीचं उत्सर्जन हा भेद पुढे आला. भातखाचरातला मिथेन आणि श्रीमंत देशातल्या मोटारीचा धूर एकाच तागडीत कसा घालता, असा तो सवाल होता. कोरडा आकड्यांचा वाद त्यांनी वाटणीच्या भाषेत आणला आणि भारताला त्या सभागृहात बसायला एक जागा मिळाली: हिस्सा मागणारा भाऊबंद. पुढची कित्येक वर्षं आपले प्रतिनिधी 'कार्बन स्पेस' (वायू सोडायला वातावरणात उरलेली जागा), 'न्याय्य वाटा' असं जे बोलत राहिले, त्याची मुळं मला तिथे दिसतात.

इंग्रजीत 'सिंक' क्रियापदही आहे, आणि तिथे हा शब्द अंगावर येतो. वाटाघाटींच्या दालनात मोठे देश 'सिंक' उच्चारतात तेव्हा बहुधा ते नाम असतं. आमची जंगलं, आमची शोषणक्षमता, आमच्या जमाखर्चातली वजावट. लहान बेटांच्या तोंडी तोच शब्द क्रियापद होऊन येतो.

नोव्हेंबर २०२१मध्ये ग्लासगोची हवामान परिषद भरली होती, तेव्हा तुवालू या पॅसिफिकमधल्या चिमुकल्या बेटदेशाचे परराष्ट्रमंत्री सायमन कोफे यांनी आपलं भाषण चित्रित करून पाठवलं. सूट, टाय, समोर भाषणाचं डेस्क, मागे झेंडे. कॅमेरा मागे सरकतो आणि दिसतं की गृहस्थ गुडघाभर समुद्रात उभे आहेत, पँट वर दुमडून. त्याआधी, १७ ऑक्टोबर २००९ला, मालदीवचे अध्यक्ष मोहम्मद नाशीद यांनी पाण्याखाली मंत्रिमंडळाची बैठक घेतली होती. पाठीवर हवेच्या नळकांड्या, बोलणं हातवाऱ्यांनी आणि सह्या पाण्यातच. मालदीवचंच त्याआधीचं एक भाषण आहे: १९८७मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मौमून अब्दुल गयूम यांनी 'एका राष्ट्राचा मृत्यू' हे शब्द वापरले होते. 'बुडणारा देश' ही ओळख बाहेरून लादली गेली असं म्हणणं म्हणूनच अर्धवट ठरेल. ती काही प्रमाणात निवडलेली, शिताफीने वापरलेली ओळख आहे. ज्या देशाकडे सैन्य नाही, तेल नाही, बाजारपेठ नाही, त्याने जगाचं लक्ष वेधायचं तरी कशाच्या जोरावर?

पण एकदा बुडणारा म्हणून उभं राहिलात की लोक तुम्हाला दर वेळी बुडतानाच पाहू इच्छितात. २०१८मध्ये संशोधकांनी तुवालूच्या १०१ बेटांची चार दशकांतली हवाई आणि उपग्रहीय चित्रं तपासून एक निष्कर्ष काढला: देशाची एकूण जमीन या काळात घटलेली नाही, २.९ टक्क्यांनी वाढली आहे. प्रवाळाची बेटं म्हणजे बशा नव्हेत. लाटा वाळू आणून टाकतात, बेटं सरकतात, आकार बदलतात. यातून धोका टळला असं होत नाही. गोड्या पाण्यात खारं पाणी मिसळतं, भरतीचं पाणी वस्तीत शिरतं, बेट नकाशावर असूनही राहण्याजोगं उरत नाही. पण 'बुडणं' या शब्दात हे काहीच मावत नाही. त्यात फक्त पाणी वर आणि माणूस खाली एवढंच चित्र आहे. त्यामुळे हवामान बदल नाकारणाऱ्यांना आयती संधी मिळाली: कुठे बुडतंय? वाढतंय की! रूपक खोटं ठरलं आणि त्याच्या हाताला धरून आलेलं खरं दुखणंही संशयित झालं.

पॅसिफिकमधल्या तरुणांना हे आधीच कळलं होतं. ऑक्टोबर २०१४मध्ये ते हाताने घडवलेल्या होड्या घेऊन ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसलच्या कोळसा बंदरात शिरले आणि कोळशाची जहाजं अडवू लागले. त्यांची घोषणा होती, 'आम्ही बुडत नाही, आम्ही लढतोय.' आणखी एक बदल त्याहून शांतपणे झाला. 'लहान बेटांचे देश' म्हणवून घेणारे काही देश आता स्वतःला 'मोठ्या महासागराचे देश' म्हणतात. किरिबातीची जमीन जेमतेम ८११ चौरस किलोमीटर, पण तिच्या हक्काचा समुद्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर. भारताच्या एकूण भूभागापेक्षा जास्त. नकाशाकडे बघताना निळा रंग रिकामा समजायचा की भरलेला, एवढाच फरक. जमिनीवरून पाहणाऱ्याला ते ठिपके दिसतात, होडीतून पाहणाऱ्याला तो देश दिसतो. तुवालूने तर २०२३मध्ये राज्यघटनाच बदलून लिहून ठेवलं की हवामान बदलाने भूमी गेली तरी आमचं राष्ट्र कायम राहील.

मराठीत 'बुडणं'ला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे माणूस बुडतो तसे पैसेही बुडतात. उसने घेऊन परत न करणारा 'बुडवतो', त्याला आपण कर्जबुडवा म्हणतो. धरणाखाली जाते ती जमीन बुडीत आणि वसूल न होणारं कर्जही बुडीत. हवामान वाटाघाटींचं अर्धं रडगाणं या एका धातूत सामावलेलं आहे. एक देश बुडतोय, कारण दुसरा त्याचं काहीतरी बुडवतोय. हे इंग्रजीत सांगायला दोन परिच्छेद लागतात. भाषांतर करताना मूळ भाषेची कीव येण्याचे प्रसंग विरळा, हा त्यातला एक.

'कोणीतरी काहीतरी देणं लागतं' हेच तर तिथे कुणाला ऐकायचं नसतं. २००९च्या कोपनहेगन परिषदेत 'हवामान कर्ज' हा शब्द जोरात होता, बोलिव्हियासारखे देश तो पुढे रेटत होते. अमेरिकेचे मुख्य वाटाघाटीकार टॉड स्टर्न यांनी सांगितलं, वातावरणात वायू सोडण्यातली आमची ऐतिहासिक भूमिका मान्य, पण अपराध, दोष, भरपाई ही कल्पना साफ अमान्य. पुढे २०१५च्या पॅरिस करारात 'हानी आणि नुकसान' यासाठी स्वतंत्र कलम आलं, आणि करारासोबतच्या निर्णयात ५१वा परिच्छेदही आला: या कलमातून कुठलंही दायित्व किंवा भरपाईचा आधार निर्माण होत नाही. २०२२मध्ये शर्म अल शेखला हानी-नुकसानीसाठी निधी स्थापायचं ठरलं, पण त्यात पडणारे पैसे ऐच्छिक. मराठीत याचा हिशेब एका अनुस्वारात आणि एका अक्षरात करता येतो: देणं आणि देणगी. धातू एक, पण देणं चुकवलं तर नाव खराब होतं आणि देणगी दिली तर पाटी लागते. बेटं आणि गरीब देश तीस वर्षं देणं मागताहेत. श्रीमंत देश देणगी द्यायला तयार आहेत, तीही जमेल तशी. २०२४मध्ये बाकूच्या परिषदेत अझरबैजानचे अध्यक्ष इल्हाम अलीयेव यांनी तेल आणि वायू ही देवाची देणगी असल्याचं सांगितलं, तेव्हा मला हसू आवरेना. हा शब्दही शेवटी तिथेच पोचला! देवाने दिलेली वस्तू परत कशी करणार, आणि तिच्या धुराचा हिशेब तरी कुणाकडे मागणार?

त्याच परिषदेच्या अखेरीस २०३५पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचं उद्दिष्ट हातोडा मारून संमत झालं. मागणी १.३ लाख कोटी डॉलरची होती. हातोडा पडल्यावर भारताच्या प्रतिनिधी चांदनी रैना बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी त्या दस्तऐवजाला 'दृष्टिभ्रम' म्हटलं.

भारताची रूपकं एका ओळीत मांडून पाहिली तेव्हा मला जरा विचित्र वाटलं. १९७२मध्ये स्टॉकहोमच्या पर्यावरण परिषदेत इंदिरा गांधींनी गरिबी आणि गरज हेच सर्वांत मोठे प्रदूषक नव्हेत का, असं विचारलं. त्याच भाषणात त्यांनी अथर्ववेदातल्या भूमिसूक्ताचा आधार घेतला: हे भूमी, तुझं जे खणून काढतो ते लवकर भरून येवो, तुझ्या मर्माला, तुझ्या हृदयाला माझा धक्का न लागो. (आजच्या खाणमालकांपैकी कुणी हे कार्यालयात टांगलं असेल का, असा चावट विचार मनात येतोच.) १९९१मध्ये मोरीतल्या वाट्याचा दावा. २०११मध्ये डर्बनला तेव्हाच्या पर्यावरणमंत्री जयंती नटराजन यांनी विचारलं, १२० कोटी भारतीयांच्या उपजीविकेवर मी कोरा चेक सही करून देऊ का? २०१५मध्ये, पॅरिस परिषद सुरू होताना, नरेंद्र मोदींच्या लेखात शिडी आली: मोजक्यांच्या राहणीमानाने विकासाच्या पहिल्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या अनेकांच्या संधी हिरावू नयेत. इथपर्यंतचा आवाज ओळखीचा आहे. हिशेब मागणारा, आपल्या वाट्यावर हक्क सांगणारा.

मग ग्लासगो, १ नोव्हेंबर २०२१. या वैश्विक मंथनात भारताकडून पंचामृताची 'सौगात' द्यायची आहे, असं पंतप्रधान म्हणाले. पाच घोषणा, त्यांत २०७०चं नेट झीरो (म्हणजे जितके वायू सोडायचे तितकेच काढून घ्यायचे) आणि २०३०पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता. देणं मागणारा देश एका भाषणात भेट देणारा झाला. मला हा बदल एकाच वेळी सुखावतो आणि खटकतो. सुखावतो, कारण सतत हात पसरून किंवा सतत बोट दाखवून उभं राहायचा कंटाळा कुठल्याही देशाला येणारच. खटकतो तो 'मंथन'मुळे. मंथनाची गोष्ट आपल्याला पाठ आहे. अमृत शेवटी आलं, आधी हलाहल वर आलं, आणि ते कुणी प्यायचं हा पेच देव-दानव दोघांनाही सुटला नाही. हवामानाच्या मंथनात आपण हलाहलाच्याच पायरीवर उभे आहोत. भाषणात ते कुठे नव्हतं.

ते बारा दिवसांनी वर आलं. १३ नोव्हेंबरची रात्र, मी थेट प्रक्षेपण लावून बसले होते. भारतात मध्यरात्र उलटून गेली होती. अंतिम मसुद्यात कोळशावरची वीज 'फेज आउट' करायची असं होतं. अखेरच्या घटकेला पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी भारताचा बदल वाचून दाखवला: 'फेज डाउन'. संपवण्याऐवजी कमी करणं. स्विस प्रतिनिधी चिडले, बेटांचे प्रतिनिधी हताश झाले, आणि परिषदेचे अध्यक्ष आलोक शर्मा माफी मागताना गहिवरून थांबले. दुसऱ्या दिवशी जगभर भारत खलनायक. 'फेज डाउन' हा शब्द तीनच दिवस आधी अमेरिका आणि चीनच्या संयुक्त निवेदनात आला होता, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात राहिलं नाही, आणि तेल आणि वायूचा त्या वाक्यात उल्लेखसुद्धा नव्हता हेही. हलाहल ज्याच्या ओंजळीत दिसलं, त्याचंच ते ठरलं.

यजमान देशांची एक वेगळी गंमत असते. प्रत्येक जण परिषदेला आपल्या घरचा एक शब्द नेसवतो. दक्षिण आफ्रिकेने 'इंदाबा' दिला, फिजीने 'तालानोआ', अमिरातीने 'मजलिस', ब्राझीलने २०२५मध्ये बेलेमला 'मुतिराओ'. (त्याला मराठीत 'इर्जिक' हा नेमका शब्द आहे. भाषांतरकाराला असा दिवस क्वचित येतो.) सगळ्यांचा आशय एकच: बसा, बोला, मिळून करा. शब्द गोड असतात, मसुदे होते तसेच राहतात.

फिजीची होडी मात्र मला आवडली. २०१७च्या बॉनच्या परिषदेत त्यांनी 'द्रुआ' ही आपली पारंपरिक शिडाची होडी आणून ठेवली आणि परिषदेचे अध्यक्ष, फिजीचे तेव्हाचे पंतप्रधान बैनीमारामा सांगत राहिले, आपण सगळे एकाच होडीत आहोत. हे वाक्य इतकं गुळगुळीत आहे की कुणालाच टोचत नाही. पण त्या होडीचं चित्र नीट पाहिलं तर द्रुआला दोन तळ असतात आणि ते सारख्या मापाचे नसतात. एक मोठा, एक लहान, आणि दोन्ही मिळून ती तोल धरते. 'सामाईक पण भिन्न जबाबदाऱ्या' हे करारातलं जडशीळ तत्त्व तिथे लाकडात कोरून ठेवलं होतं. ते कुणी मोठ्याने बोललं असतं, तर होडी बहुधा दाराबाहेर ठेवावी लागली असती.

आणि आता त्या दोन शब्दांकडे येते ज्यांनी मला 'सिंक'पेक्षाही जास्त छळलं. इंग्रजीत 'वी' एकच. मराठीत दोन: आम्ही आणि आपण. समोरच्याला बाहेर ठेवायचं की आत घ्यायचं, हे मराठी माणसाला प्रत्येक वाक्यात ठरवावंच लागतं. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अँतोनियो गुटेरेस यांनी २०२२मध्ये शर्म अल शेखला म्हटलं, आपण हवामान-नरकाच्या महामार्गावर आहोत आणि पाय अजून ॲक्सिलरेटरवर आहे. 'आपण' लिहिलं खरं, पण लिहिताना वाटलं, गाडीत सगळे असतील, पाय एकाचाच असतो ना? कोपनहेगनला तुवालूचे वाटाघाटीकार इयन फ्राय म्हणाले होते, आमच्या लोकांचा आणि आमच्या भविष्याचा घात करण्यासाठी आम्हाला चांदीची तीस नाणी देऊ केली जाताहेत. येशूला पकडून द्यायला जुडासने घेतली ती हीच तीस नाणी. घशात आवंढा आणणारं वाक्य. फ्राय स्वतः ऑस्ट्रेलियात राहणारे ऑस्ट्रेलियन. ऑस्ट्रेलियातल्या काही माध्यमांनी त्यावरून त्यांची टर उडवली, तुमचे लोक कुठले? मला ते तसं वाटलं नाही. एखाद्याने दुसऱ्याच्या 'आम्ही'त जाऊन उभं राहणं हे त्या सभागृहात घडणाऱ्या मोजक्या खऱ्या गोष्टींपैकी असावं.

पॅरिस कराराच्या प्रस्तावनेत एक ओळ आहे. परिसंस्था आणि जैवविविधता जपणं महत्त्वाचं, असं म्हणून पुढे लिहिलंय की काही संस्कृती पृथ्वीला 'धरणीमाता' मानतात, आणि काहींच्या लेखी 'हवामान न्याय' या संकल्पनेला महत्त्व आहे. बोलिव्हियाची आई आणि भारताचा न्याय, दोघांनाही करारात जागा मिळाली, पण 'काही' या शब्दाच्या ओसरीवर. घरात घेतलं, माजघरात नाही. त्याच प्रस्तावनेत बाजूच्या ओळींत विकास आणि सहकार्य बिनदिक्कत उभे आहेत. ते कुणाच्या मते, हे तिथे सांगितलेलं नाही.

काम संपवून मी फाईल पाठवली. 'सिंक'ला मी शेवटी 'शोषक' म्हटलं आणि लगेच पस्तावले, कारण मराठीत शोषक कोण असतो हे सगळ्यांना माहीत आहे. जंगलाला शोषक म्हणायची हिंमत संपादकांनाही झाली नाही, त्यांनी तिथे 'कार्बन सिंक' करून टाकलं. पण त्यांची खरी खूण होती कोफे यांच्या वाक्यावर. समुद्र सतत आमच्याभोवती वर चढत असताना आम्ही भाषणांची वाट पाहत बसू शकत नाही, असं मी लिहिलं होतं. समासात प्रश्न होता: 'आमच्याभोवती' की 'आपल्याभोवती'? पहिल्या खर्ड्यात मी 'आपल्या' लिहिलं होतं, ते त्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी चित्रफीत पुन्हा लावली. तुम्ही मला उभे राहून पाहताय, असं ते त्याआधी म्हणतात. कॅमेरा मागे सरकतो, पाणी दिसतं, आणि पाहणारे पाण्याबाहेर असतात.

'आमच्या' तसंच ठेवा, असं मी कळवलं.